सभासदांच्या मालकीची, परवडणारी क्लाइंबिंग भिंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ-दहा जणांनी मिळून गावात क्लाइंबिंगची भिंत उभी करायचं ठरवलं की पहिल्या बैठकीपासून तेच तेच प्रश्न येतात. इथली उत्तरं महाराष्ट्रातले कायदे, इथली हवा आणि इथला खिसा धरून दिली आहेत. पुण्या-मुंबईबाहेरची शहरं आणि तालुक्याची गावं मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत.

सभासद तर खाजगी जिममध्येही असतात. मग यात वेगळं काय?

तिथे सभासद म्हणजे गिऱ्हाईक. दर वाढले की मुकाट्याने भरायचे, नाहीतर जाणं बंद करायचं. इथे सभासदाला मत असतं. दर किती ठेवायचा, आधी नवे होल्ड (भिंतीवर हाताने धरायचे, पाय ठेवायचे तुकडे) घ्यायचे की संडासाचं दार दुरुस्त करायचं, शनिवारची सकाळ लहान मुलांना द्यायची का, हे सगळं सभेत ठरतं. पैसे उरले तर ते भिंतीतच जातात.

आपल्याकडे हे नवं नाही. कोल्हापूरच्या तालमी पेठेच्या जिवावर चालल्या, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि आखाड्यात उतरायला कुणी महिन्याचं पॅकेज विचारत नव्हतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान् पिढ्या मुलं मल्लखांब शिकतात. कमी पैशात, लोकांच्या जिवावर व्यायामाची जागा कशी चालवायची, हे शिकायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. भिंत तेवढी नवीन आहे.

जगात कुठे चाललंय का असं?

जर्मन अल्पाइन क्लबची स्थापना १८६९ ची. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास शाखा आहेत. प्रत्येक शाखा ही स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असते आणि या शाखा मिळून दोनशेच्या वर क्लाइंबिंग हॉल चालवतात. सभासदाला प्रवेश स्वस्त, बाहेरच्याला महाग, असा साधा हिशेब. दुसरं टोक अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं मेम्फिस रॉक्स. २०१८ साली गरीब वस्तीत उघडलेली ही ना-नफा जिम आहे. जमेल तेवढे पैसे द्या, नसतील तर काम करा, पण पैशांपायी कुणाला दारातून परत पाठवायचं नाही, हे तिचं धोरण. या जिमच्या मागे मोठे देणगीदार होते हे विसरू नका. आपल्याला जवळचा रस्ता जर्मनांचा आहे.

सह्याद्री उशाशी असताना लाकडाची भिंत कशाला?

हा प्रश्न हमखास जुन्या गिर्यारोहकांकडून येतो आणि तो रास्त आहे. मुंब्र्याचे कडे, बेलापूरचे दगड, नागफणी, तेलबैला हे सगळं आहेच. पण जून ते सप्टेंबर आपला बेसाल्ट ओला आणि शेवाळलेला असतो, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. एप्रिल-मेच्या दुपारी कातळाला हात लावून बघा. शिवाय कड्यावर जायचं म्हणजे गाडी, रविवार, दोर आणि सोबत जाणती माणसं लागतात. सातवीतल्या मुलीला किंवा दुकानातून रात्री आठला सुटणाऱ्या पोराला हे जमत नाही. भिंत असेल तर दोघांनाही आठवड्यात तीन संध्याकाळी दीड-दीड तास मिळतो. कडा सुटत नाही, उलट कड्यावर जाणारे वाढतात.

उंच दोराची भिंत की बुटकी बोल्डरिंगची?

बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढायची. पहिल्या पाच वर्षांपुरती तरी यावर चर्चा नको, इतकं माझं मत पक्कं आहे.

दोराच्या भिंतीला निदान दहा-बारा मीटर उंची लागते, म्हणजे स्वतंत्र पोलादी सांगाडा आणि त्याचा पाया. दोर, हार्नेस (दोर बांधायचा कंबरपट्टा), बिले (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणं) करायची उपकरणं ठरावीक काळाने बाद करावी लागतात. भिंत उघडी आहे तोवर बिले तपासणारा जाणता माणूस तिथे हजर पाहिजे. माणसाऐवजी दोर सांभाळणारं यंत्र, म्हणजे ऑटो-बिले लावला तरी तो दरवर्षी कंपनीकडे तपासणीला पाठवावा लागतो. स्पर्धेतल्या स्पीड क्लाइंबिंगची भिंत तर पंधरा मीटरची. अशी भिंत क्रीडासंकुलात उभी राहते, फीत कापली जाते, आणि दोन वर्षांनी तिची चावी कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. उंच भिंत बांधणं सोपं आहे, ती रोज उघडी ठेवणं कठीण.

बोल्डरिंगला उंची चार मीटरच्या आसपास, फार तर साडेचार. खाली जाड गाद्या. माणूस बूट आणि चॉक (हाताचा घाम टिपणारी पूड) घेऊन येतो, चढतो, पडतो, परत चढतो. एकटा आला तरी चालतं.

हेही जास्त वाटत असेल तर एकच फळा उभारा. मूनबोर्ड या सरावाच्या फळ्याचं नेहमीचं माप ठरलेलं आहे: चाळीस अंशांनी पुढे झुकलेला, ८ फूट रुंद, १२ फूट लांब फळा. त्यावर होल्डचे ११ उभे स्तंभ आणि १८ आडव्या ओळी. खाली पाय ठेवायला छोटी उभी पट्टी. जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत एकूण उंची सव्वातीन मीटरच्या आतच राहते. म्हणजे बऱ्यापैकी उंच गॅरेजमध्ये मावतो. मात्र एवढ्या उतारावर नवखा माणूस लोंबकळून दोन मिनिटांत घरी जातो. त्यामुळे पैसे थोडेच असतील तर अर्धी भिंत उभी किंवा किंचित मागे झुकलेली ठेवा आणि अर्धी उतरती. शेवटी संस्था जगते ती नवख्यांच्या वर्गणीवर.

जागा कुठे शोधायची?

परवडणं न परवडणं इथेच ठरतं. बाजारभावाने भाडं भरून स्वस्त भिंत चालत नाही. कितीही कोष्टकं मांडा, शेवटी सभासदांच्या वर्गणीतून घरमालकाचं घर चालतं. म्हणून आधी जागा, मग नोंदणी, मग भिंतीचं चित्र.

बघण्यासारख्या जागा: बंद पडलेल्या शाळेचा किंवा वसतिगृहाचा हॉल, जुन्या व्यायामशाळेचा वापरात नसलेला भाग, जिमखान्याची बॅडमिंटनची जादा कोर्ट, सहकारी संघाचं रिकामं गोदाम, महापालिकेचं समाजमंदिर, एमआयडीसीतली शेड. तालीम किंवा व्यायाम मंडळाशी भागीदारी झाली तर उत्तमच. त्यांच्याकडे जागा आहे, तरुण पोरं कमी झाली आहेत. तुमच्याकडे नेमकं उलटं.

करार निदान नऊ-दहा वर्षांचा आणि नोंदणीकृत करा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर भिंत बांधणारे दुसऱ्या वर्षी सांगाडा कापून टेम्पोत भरताना दिसतात. जागा शाळेची किंवा पालिकेची असेल तर ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय ड्रिल मशिन बाहेर काढू नका. तोंडी "हो, हो, करा" म्हणणारे साहेब बदलून जातात.

आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र. विटांच्या भिंतीला अँकर ठोकून प्लाय टांगायचा नाही. भार एकतर इमारतीच्या कॉलम-बीमवर जायला हवा, नाहीतर स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या लोखंडी फ्रेमवर. पत्र्याची शेड असेल तर फ्रेम स्वतंत्रच.

खर्च किती येतो?

दर गावागणिक बदलतात, म्हणून मापं देतो. ती घेऊन तीन फॅब्रिकेटरांकडे जा.

दहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच भिंत म्हणजे ४० चौरस मीटर. ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या एका शीटने जवळजवळ ३ चौरस मीटर झाकतं, म्हणजे चौदा शीट. उतार आणि कापाकापी धरून सतरा-अठरा सांगा. प्लाय १८ मिलिमीटरचा. त्यात आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय महाग पडतो, पण आपल्या पावसाळ्यात तो फुगत नाही. मागच्या फ्रेमला चौकोनी एमएस पाइप. टी-नट (प्लायमागे बसणारे, होल्डचा बोल्ट धरणारे नट) वीस सेंटिमीटरच्या जाळीत बसवले तर एका शीटला पासष्ट-सत्तर लागतात, एकूण हजाराच्या वर. माप एम-१० ठेवा, म्हणजे कुठल्याही कंपनीचे होल्ड बसतील.

टी-नटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मनस्ताप इथून सुरू होतो. हातोडीने ठोकायचे दातेरी टी-नट स्वस्त असतात. तिरका बोल्ट जोरात आवळला गेला की दाते लाकडातून सुटतात आणि नट जागच्या जागी फिरू लागतो. मग बोल्ट ना पुढे जातो ना मागे येतो, होल्ड डुगडुगतो, आणि मागून पान्याने नट धरल्याशिवाय तो निघत नाही. म्हणून दोन गोष्टी: नट मागून स्क्रूने बसणारे घ्या, आणि भिंतीमागे माणूस आडवा शिरेल एवढी फट आणि एक छोटं दार ठेवाच. सुतार म्हणेल, मागची बाजू बंद केली की छान दिसेल. ऐकू नका.

होल्ड पॉलियुरेथेनचे घ्या. रेझिनचे स्वस्त असतात, पण पडले की टवका उडतो. मोठाल्या देखण्या होल्डवर पैसे उडवण्याआधी पाय ठेवायचे बारीक होल्ड भरपूर घ्या. लाकडी होल्ड गावातला सुतार सागाच्या किंवा शिसवीच्या तुकड्यांतून उत्तम करतो. कडा गोल करायला सांगा. ते हाताची कातडीही कमी खातात.

गाद्यांत काटकसर नाही. वर घट्ट फोम, खाली मऊ, एकूण जाडी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. भिंतीचा सगळ्यात पुढे आलेला बिंदू धरून त्याच्याही पुढे दोन-अडीच मीटर गादी हवी. घोटे मुरगळतात ते बहुधा दोन गाद्यांच्या मधल्या फटीत. म्हणून सगळ्या गाद्यांवर एकसंध, जाड ताडपत्रीचं आवरण शिवून घ्या. मांडववाले आणि ट्रकची ताडपत्री शिवणारे हे काम सफाईने करतात. कृत्रिम भिंतींसाठीचं युरोपीय मानक ईएन १२५७२ आहे. त्यातला बोल्डरिंगचा भाग इंजिनीअरला आधीच वाचायला द्या.

नोंदणी कशी? सहकारी संस्था, ट्रस्ट की कंपनी?

पैसे कुठून येणार, यावर उत्तर अवलंबून आहे.

पैसे सभासदांचेच असतील तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकारी संस्था. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. एका सभासदाला एक मत, मग त्याचे शेअर्स एक असोत की पन्नास. एका माणसाकडे भागभांडवलाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त जाऊ शकत नाही, लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. मालकी कुणा एकाच्या खिशात जाऊ नये म्हणून जी कुंपणं हवीत ती कायद्यानेच घातलेली आहेत. अडचण निबंधक कार्यालयात येते. गृहनिर्माण संस्था किंवा पतसंस्था म्हटलं की साहेब फाइल ओळखतात. "क्लाइंबिंग" म्हटलं की आधी चहा, मग शंका. उपविधी स्वतः लिहून न्या आणि मुख्य प्रवर्तक चिकाटीचा निवडा.

देणग्या आणि सीएसआरची (कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायच्या पैशांची) आशा असेल तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जणांची संस्था काढा. आपल्या राज्यात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते. आयकर खात्याचं ८०-जी मिळालं की देणगीदाराला करसवलत मिळते. धोका असा की अशा संस्था हळूहळू दोन-तीन घराण्यांच्या होतात. म्हणून घटनेतच लिहा: सभासदत्व खुलं, प्रत्येकाला मत, पदाधिकाऱ्याला सलग दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत. पदाधिकारी बदलल्याचे बदल अर्ज वेळच्या वेळी धर्मादाय कार्यालयात द्या, नाहीतर कागदोपत्री वारलेली माणसं अध्यक्ष राहतात.

कलम ८ ची (ना-नफा) कंपनीही चालते, पण तिचे अनुपालनाचे कागद आणि सीएची फी छोट्या गावाला झेपत नाही.

सीएसआरमधून मिळेल का?

मिळू शकतं, लगेच नाही. क्लाइंबिंग टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिक खेळ आहे आणि कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. पण बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, शिवाय आयकराच्या १२-ए, ८०-जी आणि सीएसआरची कामं घेण्यासाठीच्या सीएसआर-१ ची नोंदणी. सहकारी संस्था या यादीत बसत नाही. म्हणजे पहिली तीन वर्षं स्वतःच्या पायावर काढायची आहेत असंच धरून चला. आमदार निधीतून शेड मिळाली तर घ्या. भिंतीवर कुणाचा फोटो लागणार असेल तर तो बाहेरच्या बाजूला.

वर्गणी किती ठेवायची?

उलटा हिशेब करा. वीज, सफाई, अर्धवेळ माणसाचा पगार, विमा आणि होल्ड-गाद्यांसाठी बाजूला टाकायची रक्कम यांची बेरीज करा. समजा ती महिन्याला ६०,००० रुपये झाली आणि नियमित भरणारे १५० जण आहेत, तर सरासरी ४०० रुपये पडतात. मग दर तीन ठेवा: २००, ४००, ६००. कोणता भरायचा ते माणसाने स्वतः ठरवायचं. उत्पन्नाचा दाखला मागू नका. दाखला मागितला की ज्याला सवलत हवी तोच येत नाही, आणि तलाठ्याच्या दारात उभं राहून मिळवलेल्या सवलतीत मजा ती काय राहणार!

श्रमदानाची सोय ठेवा, पण सक्तीची नको. महिन्यातून दोन पाळ्या दार उघडणं, होल्ड धुणं, गाद्या झाडणं, याच्या बदल्यात वर्गणी माफ. शेअरची रक्कम हप्त्याने घ्या. सवलत देणं न देणं सचिवाच्या मनावर सोडू नका, नियमात लिहा. सचिव बदलतो.

कुणी पडलं, हात मोडला तर?

पडणं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून पडायला शिकवणं हा पहिला धडा. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे सैल ठेवायचे, मागे लोळण घ्यायची, हात मागे टेकायचे नाहीत. मनगटं मोडतात ती हात टेकल्यामुळे. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. कुणी चढत असताना खालच्या गादीवर बसून मोबाइल बघायचा नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि मोडणारे बहुधा जुनेच असतात.

प्रत्येकाकडून हमीपत्र घ्या. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही. पण सही घेतली म्हणजे संस्थेच्या निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. म्हणून सार्वजनिक दायित्व विमा काढा आणि भिंतीच्या तपासणीची वही ठेवा: तारीख, सैल निघालेले बोल्ट, फाटलेलं आवरण, सही. आठवड्यातून एकदा आठ मिलिमीटरची ॲलन की घेऊन प्रत्येक होल्डला हात लावून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करा.

रूट कोण लावणार? प्रशिक्षक कुठून आणायचे?

भिंत दोन महिने तशीच राहिली की लोक यायचे थांबतात. म्हणून दर पंधरवड्याला एक पट्टा रिकामा करायचा, होल्ड साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासायचे, नवे रूट (ठरावीक होल्डवरून चढायचे मार्ग) लावायचे. सुरुवातीला एक-दोन अनुभवी लोकांना प्रवासखर्च आणि मानधन देऊन बोलवा आणि गावातली चार पोरं त्यांच्या हाताखाली घाला. त्यात निदान एक बुटकी व्यक्ती असावी. रूट लावणारा, म्हणजे सेटर, सहा फुटी असला की त्याचे सगळे रूट सहा फुटी माणसांसाठीच निघतात.

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीची नेहरू संस्था इथून बेसिक-अ‍ॅडव्हान्स केलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. दोरकाम आणि शिस्त त्यांच्याकडून शिका. मात्र बोल्डरिंगचा सराव शिकवणं हे निराळं काम आहे, प्रमाणपत्राने ते आपोआप येत नाही. स्पर्धांचा कारभार भारतीय पर्वतारोहण संस्थेकडे आहे. मुलं तयार झाली की त्यांच्या विभागीय स्पर्धांना पाठवा. केवळ हौशी क्लबांच्या बळावर काय होतं हे बघायचं असेल तर गिरिविहारकडे बघा. बेलापूरच्या दगडांवर स्पर्धा भरवणाऱ्या या मुंबईच्या क्लबच्या मंडळींनी २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाचे टप्पे घडवून आणले.

मुलींसाठी वेगळी वेळ हवी का?

पहिलं वर्ष हवी, आठवड्यातून दोनदा. त्या वेळी शिकवणारीही बाईच असावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि बाहेर दिवा.

पावसाळ्यात काय करायचं?

कोकणात आणि मुंबईच्या आसपास हाताला घाम, होल्डला ओल. मोठे एक्झॉस्ट पंखे, चॉकची पूड उडू नये म्हणून चॉकबॉल (चॉक भरलेली कापडी पुरचुंडी), बोल्टना महिन्यातून एकदा तेलाचा हात. गादी जमिनीला टेकू देऊ नका, खाली लाकडी फळ्यांचा पाट घाला. नाहीतर ऑगस्टमध्ये खालून बुरशी धरते आणि वास थेट सभेच्या विषयपत्रिकेवर येतो.

मंडळं फुटतात. ही नाही फुटणार कशावरून?

फुटू शकते. भांडणं पैशांवरून कमी आणि चावीवरून जास्त होतात. चावीऐवजी नंबरचं कुलूप लावा आणि नंबर दर महिन्याला बदला. बँकेत दोन सह्या. जमाखर्चाचा एक कागद दर महिन्याच्या पाच तारखेला भिंतीशेजारी चिकटवायचा, कुणी मागो न मागो. आणि सगळ्यात तगडा क्लाइंबर अध्यक्ष नको. त्याला रूट लावू द्या. अध्यक्ष असा हवा ज्याला मिनिटबुक लिहायला आवडतं.

बूट भाड्याने ठेवावे लागतील का?

हो. नवखा माणूस पहिल्याच दिवशी काही हजारांचे बूट घेणार नाही. मधल्या मापांचे जास्त जोड घ्या. पाच-सहा जोड मुलांच्या मापांचे असू द्यात. अंगठ्याखालचं रबर आधी झिजतं. भोक पडायच्या आत बूट बाजूला काढला तर पुन्हा सोल बसतो, नंतर नाही. क्लाइंबिंगचं रबर मागवून गावातल्या चांभाराला एक जुना जोड खराब करायला द्या, दुसऱ्या जोडापासून तो नीट बसवू लागेल. बूट वापरून झाले की कपाटात कोंबायचे नाहीत, दोरीवर उलटे टांगायचे. आणि मोजे घालूनच द्यायचे, अनवाणी नाही.